कुणाचाच कोणी नसलेला पर्यवेक्षक

परिशिष्ट ड
स्वतंत्र पर्यवेक्षकाचा अहवाल
(पेपर संपल्यावर त्याच दिवशी भरावा.)

परीक्षार्थी: कृष्णाबाई काशीराम भोईर, वय ६३, राहणार नारंगी
अभ्यासक्रम: बी. ए. इतिहास, तिसरे वर्ष, दूरशिक्षण
ठिकाण: सार्वजनिक वाचनालय, आगाशी, तळमजला
पेपर: चौथा व शेवटचा, रविवार, सकाळी १० ते १
पर्यवेक्षक: जयवंत शिंगाडे, निवृत्त निरीक्षक, वजने व मापे, राहणार फुलपाडा, विरार पूर्व
परीक्षार्थी वेळेवर हजर: होय. पंचवीस मिनिटं आधी.
भिंतीवर चालू घड्याळ: होय. दीड मिनिट मागे होतं. खुर्चीवर चढून बरोबर केलं.
गैरप्रकार: नाही.
परीक्षार्थीशी नाते अथवा मैत्री:
विशेष घटना (असल्यास, दोन ओळींत): होय. दोन ओळींत बसत नाही. वरचा नात्याचा रकाना कोरा का, तेही त्यातच आहे. पुरवण्या जोडल्या आहेत.

पुरवणी १

कृष्णाबाईंचं तुमच्या विद्यापीठातलं हे आठवं वर्ष. आठ वर्षांत पदवी झाली नाही तर नाव कमी होतं, हे तुम्हीच त्यांना तांबड्या शाईत कळवलंत. आधीच्या वर्षांत पेपर तीनदा हुकले. एकदा भाताची कापणी, एकदा सुनेचं बाळंतपण, एकदा खुब्याचं ऑपरेशन. खुबा आता बरा आहे, पण जिने चढवत नाहीत, आणि तुमचं केंद्र तिसऱ्या मजल्यावर आहे.

मग तुमच्याकडूनच पत्र आलं. घराजवळची सार्वजनिक जागा बघा, एक स्वतंत्र पर्यवेक्षक मिळवा, प्रश्नपत्रिका आम्ही सीलबंद पाकिटात पाठवतो. पर्यवेक्षक शिक्षक किंवा अधिकारी असावा, निवृत्त चालेल. नातेवाईक नसावा. मित्र नसावा.

जागा पाच मिनिटांत मिळाली. पर्यवेक्षक मिळायला पाच आठवडे लागले.

पुरवणी २

हे मला वाचनालयाच्या ग्रंथपाल मर्सीबाईंनी सांगितलं. त्या स्वतः बाद आहेत, कारण त्या कृष्णाबाईंना मावशी म्हणतात. रक्ताचं काही नाही. मर्सीबाईंची आई आणि कृष्णाबाई एकाच बाजारात चाळीस वर्षं शेजारी बसून फुलं विकत होत्या. तुमच्या फॉर्मवर ती मैत्री झाली.

हायस्कूलचे मुख्याध्यापक बाद: कृष्णाबाईंचे यजमान काशीरामभाऊ, त्यांच्या मावसबहिणीचे दीर. अल्पेश भोईर सर बाद: सख्खे पुतणे. ग्रामसेवक बाद: अल्पेश सरांचे साडू. बँकेत बदलून आलेले मॅनेजर पार परभणीचे, त्यांच्यावर सगळ्यांचा फार भरवसा होता. तीन महिन्यांपूर्वी त्यांनी लग्न केलं. मुलगी नारंगीची.

पोस्टमास्तर मात्र स्वच्छ होते. उमेळ्याचे, स्वभावाने गरीब, हो म्हणाले, फॉर्म भरायला वाचनालयात आले. कृष्णाबाईंनी त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

"उमेळ्यात कोनाचे तुमी?"

"पाटलांचे."

"विहिरीवाले पाटील का रस्त्यावरचे?"

"विहिरीवाले."

"मग तुमची आजी खानिवड्याची. हिराबाई."

"हो! तुम्हाला कसं माहीत?"

"अरे माज्या सासूची आतेबहीन ती!" कृष्णाबाई आनंदाने ओरडल्या. "म्हंजे मी तुजी काकी लागते. ये, बस असा. चहा ठेव गो मर्सी!"

मर्सीबाईंनी फॉर्म फाडला.

इथल्या जुन्या गावांत ही रीत आहे. माणूस भेटला की चार प्रश्न विचारायचे आणि नातं हुडकून काढायचं. ते सापडेपर्यंत समोरच्याला नीट बसताही येत नाही आणि विचारणाऱ्याला नीट बोलताही येत नाही. कृष्णाबाई यात गावात पहिल्या नंबरच्या. त्यांना पाचवा प्रश्न कधी लागत नाही, असं त्यांचे यजमान अभिमानाने सांगतात. पाच आठवड्यांत त्यांनी स्वतःचे सहा पर्यवेक्षक असे एकेक करून नात्यात ओढले.

शेवटी त्यांची भाची दिपिका म्हणाली, की विरारला आमच्या लॅबमध्ये हर्षवर्धन म्हणून एक जण आहे. त्याचे वडील निवृत्त अधिकारी. घाटावरचे. इथे ते कुणाचेच कोणी लागत नाहीत.

ते वडील म्हणजे मी.

मर्सीबाईंचा फोन आला तेव्हा पहिलं वाक्य हे होतं: "काका, तुम्ही नक्की कुणाचे कोणी नाही ना?"

चौदा वर्षं फुलपाड्यात राहतोय. सोसायटीत मला तीनशेचार म्हणतात. "तीनशेचार, मेंटेनन्सची मीटिंग आहे." कुणाचाही कोणी नसण्याचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. मी हो म्हणालो.

"एक अट आहे," मर्सीबाई म्हणाल्या. "चारही पेपर होईपर्यंत मावशीशी बोलायचं नाही. गाव सांगायचं नाही, आडनाव सांगायचं नाही. पाणी तुमचं तुम्ही आणा."

पुरवणी ३

(दोन पानं एकदम उलटली, हे कोरं राहिलं. आडवी रेघ मारून सही केली आहे. ज. शिं.)

पुरवणी ४

पहिला रविवार. मर्सीबाई चर्चमधली सातची मिसा आटोपून आल्या आणि कुलूप काढलं. मी टेबल हलवून पाहिलं. एक पाय आखूड होता. जुन्या पंचांगाची घडी घालून समपातळी केली. पाकिटाचं सील दोघांनी तपासलं.

कृष्णाबाई हिरव्या नऊवारीत, केसांत सोनचाफा, हातात काठी आणि प्लॅस्टिकच्या डब्यात चार पेनं. ओळखपत्रातला फोटो तरुण होता. मी फोटो बघितला, त्यांच्याकडे बघितलं.

"मीच ती," त्या म्हणाल्या. "सायेब, तुमी कुठ—"

मर्सीबाई खोकल्या.

"—कुठं बसू, असं इचारत होते."

"पहिलं टेबल," मी म्हणालो.

"पहिलं टेबल," त्या स्वतःशी म्हणाल्या. मी कुठल्या भागातला, ते माझ्या 'टेबल' म्हणण्यावरून त्या ताडत होत्या, हे मला पुढे कळलं.

दहा वाजता घंटा दिली. साडेदहाला खिडकीतून आवाज आला, "साडेधा झाले गो!"

बाहेर चिंचेखाली एक गृहस्थ छत्री घेऊन उभे होते. मी बाहेर गेलो. परीक्षार्थीला बाहेरून मदत हा तुमच्या यादीतला गैरप्रकार क्रमांक चार आहे.

"आपण कोण?"

"तिचा नवरा."

"आपण आत माहिती पुरवता आहात."

"टाइम सांगतो फक्त. तिला लिवताना भान नसतं."

"घड्याळ आहे आत. बरोबर आहे. मी लावलंय."

"तुमी लावलंय तर बरोबरच असंल," काशीरामभाऊ म्हणाले आणि छत्री उचलून तीन झाडं पलीकडे गेले. तिथून अकराला पुन्हा आवाज आला, पण बारीक. मदत म्हणता येईल इतका तो ऐकू येत नव्हता, म्हणून नोंद केली नव्हती. आज करतोय.

दुसऱ्या रविवारी त्यांनी डब्यातून सुकेळी आणली. घरच्या केळ्यांची, उन्हात सुकवून पानात बांधलेली. माझ्या टेबलावर ठेवली आणि न बोलता जाऊन बसल्या. मी न बोलता परत नेऊन ठेवली. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मागे एका व्यापाऱ्याचा काटा जप्त केला होता तेव्हा त्याच्या आईने बघितलं होतं. वास दिवसभर बोटांना येत होता.

पुरवणी ५

तिसऱ्या रविवारी मी चष्मा घरी विसरलो. हर्षवर्धन तो द्यायला साडेनऊला आला. दिपिका तेव्हा आत्याला सोडायला फाटकाशी आली होती. त्याने चष्मा दिला आणि गेला. एवढंच. हे पुढे लागणार आहे म्हणून लिहून ठेवतो.

त्या दिवशी कृष्णाबाईंचा पेपर पाऊण तास आधी संपला. सगळं दोनदा वाचून झालं. उठायला त्या तयार नव्हत्या, कारण पूर्ण वेळ बसायचे पैसे भरलेत असं त्यांचं म्हणणं. मग त्यांनी माझं निरीक्षण सुरू केलं. आयुष्यभर मी लोकांची मापं तपासली. कुणी माझी तपासताना असं अंग चोरावंसं वाटतं हे त्या दिवशी कळलं.

माझ्या वहाणा बघितल्या. मान हलवली. मी बाटली ओठांना न लावता वरून पाणी प्यालो. मान हलवली. खिशातून भुईमुगाच्या शेंगेचं एक टरफल पडलं, ते मी उचलून पुन्हा खिशात ठेवलं. यावर त्या प्रसन्न हसल्या.

"सायेब, दुष्काळी भागातले ना तुमी?"

"परीक्षार्थीने बोलू नये."

"मी कुठं बोलते? पानी जपून पिता, म्हनून म्हनलं."

मर्सीबाई इतक्या खोकल्या की त्यांना खरोखरच ठसका लागला.

घरी जाताना बसमध्ये माझ्या लक्षात आलं, की चौदा वर्षांत माझं गाव कुठलं हे जाणून घ्यावं असं पहिल्यांदाच कुणाला वाटलं होतं. आणि ते सांगायला मला मनाई होती.

पुरवणी ६

काल शनिवारी संध्याकाळी माझ्या घरी जे झालं ते सवयीप्रमाणे पंचनाम्याच्या रीतीने देतो.

हजर: मी; पत्नी लतिका; चिरंजीव हर्षवर्धन; दिपिका.
जप्त माल: पेढ्यांचा एक पुडा, छापील वजन पाव किलो. तोलून पाहिला. खोक्यासकट पाव किलो भरला, म्हणजे पेढे बावीस ग्रॅम कमी. दुकानाचं नाव इथे देत नाही.
जबाब:

"बाबा, काटा ठेवा बाजूला. एक सांगायचंय."

"सांग."

"मी आणि दिपिका लग्न करायचं म्हणतोय."

"चांगलं आहे," मी म्हणालो. मला खरंच आनंद झाला. मुलगी चांगली, धीट, लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते तेव्हा कुणी रडत नाही म्हणतात. मी पेढा उचलला. तोंडापर्यंत नेला. मग परत पुड्यात ठेवला.

"तू कृष्णाबाईंची भाची."

"हो काका. त्यांच्या भावाची मुलगी."

"म्हणजे मी त्यांचा—"

"व्याही," लतिका म्हणाली. "आता तरी खा तो पेढा."

"उद्या शेवटचा पेपर आहे! एक वाजता मला लिहून द्यायचंय, की आमच्यात नातं नाही!"

"मग अजून कुठे आहे? लग्न झालेलं नाही, साखरपुडा नाही."

"मग पेढे कशाचे?"

दिपिकाच्या डोळ्यांत पाणी आलं. "काका, मीच तुमचं नाव सुचवलं. इथे तुमचं कुणीच नाही म्हणूनच सुचवलं. आत्याचं वर्ष गेलं तर मी तोंड कसं दाखवू?"

"तुला हे सोमवारी सांगता आलं नसतं?" मी मुलाला विचारलं.

"तुम्हीच म्हणता ना, माहिती दडवू नये?"

त्याला मीच वाढवलंय, तक्रार कुणाकडे करणार? पंचवीस वर्षांपूर्वी मी लतिकाच्या सख्ख्या भावाचा काटा नापास केला होता. तो अजून माझ्याशी बेताचंच बोलतो.

तुमच्या मदत क्रमांकावर फोन केला. कार्यालय सोमवारी दहाला उघडेल, असं यंत्राने सांगितलं. पेपर न घ्यावा, तर आठ वर्षं वाया. गप्प बसून 'नाही' लिहावं, तर माझी नोकरीची चौतीस वर्षं वाया. रात्रीतून दुसरा माणूस आणावा, तर त्याला आधी कृष्णाबाईंपासून लपवावं लागणार.

आमच्या कामात एक पद्धत होती. तराजूची एक बाजू जड आहे असा संशय आला, की माल आणि वजन यांची पारडी बदलून पुन्हा तोलायचं. काट्यात खोट असली तरी खरं वजन निघतं. मी मर्सीबाईंना फोन करून सगळं सांगितलं.

"उद्या तुम्ही मागच्या बाकावर बसायचं. तीन तास. मी परीक्षार्थीवर लक्ष ठेवीन, तुम्ही माझ्यावर."

"पण मी तर मैत्रीण आहे. बाद."

"मीही बाद व्हायच्या बेतात आहे. दोघं वेगवेगळ्या बाजूंनी बाद आहोत, चालेल. मी खाकरलो, मान हलवली, छताकडे बघितलं, सगळं वेळेसकट लिहून काढा. मी विद्यापीठाला सगळं कळवणार आहे. पुढे ते ठरवतील." आणि मुलांना सांगितलं, "कृष्णाबाईंना उद्या एकपर्यंत यातलं काही कळता कामा नये. आणि तोवर तुम्ही दोघं एकमेकांना ओळखत नाही."

मर्सीबाईंची टिपणवही सोबत जोडली आहे. बारा दहाला मी जांभई दिल्याची नोंद खरी आहे.

पुरवणी ७

चूक दिपिकाची एवढीच, की तिने काल रात्री आईला सांगितलं. फक्त आईला.

आज अकरा वाजता खिडकीबाहेर काशीरामभाऊ एकटे होते. साडेअकराला चार बायका होत्या. बाराला मी अकरा मोजल्या. सगळ्या ठेवणीतल्या साड्यांत, केसांत गजरे. त्या वाचनालयाकडे नव्हे, माझ्याकडे बघत होत्या.

"हेच का ते?"

"हेच. उंची बरी आहे."

"टक्कल आहे गो."

"पोराला नाय ना? मग झालं."

"हसत नाय बाई मुळीच."

"ड्यूटीवर आहेत ते!" हा आवाज काशीरामभाऊंचा.

मी एकेक खिडकी लावून घेतली. पंखा पाचवर केला. उत्तरपत्रिकेवर पट्टी ठेवून कृष्णाबाईंनी मान वर केली.

"सायेब, माज्या जावा कशाला आल्यात?"

"परीक्षार्थीने उत्तरपत्रिकेकडे पाहावे."

त्यांनी पाहिलं नाही. पेन खाली ठेवलं. आधी खिडकीच्या काचेला चिकटलेला जावेचा चेहरा बघितला, मग मागे वही घेऊन बसलेल्या मर्सीबाईंना बघितलं, मग मला. बारा वाजून बावीस मिनिटं झाली होती. एक संपूर्ण प्रश्न लिहायचा राहिला होता, वीस गुणांचा. आता या तोंड उघडणार, पहिला प्रश्न विचारणार, आणि चौथ्या प्रश्नाला सगळं संपणार.

त्यांनी तोंड उघडलं. मिटलं. पदराने घाम पुसला.

"मी काय बी इचारनार नाय," त्या हळूच म्हणाल्या. "एक वाजता इचारीन. पुरवनी द्या."

मी पुरवणी दिली. पुढची छत्तीस मिनिटं त्या मान खाली घालून लिहीत होत्या. बाहेर कुणीतरी चहा वाटत होतं. मर्सीबाईंच्या वहीत बारा एकोणसाठला नोंद आहे: 'काका डोळे पुसतायत. पंख्याची धूळ असावी.' धूळच होती.

पुरवणी ८

एक वाजता घंटा दिली. पानं मोजली, दोरा बांधला, पाकिटात घातलं, लाख वितळवली, सील मारलं. तिघांच्या सह्या झाल्या. एक वाजून सहा मिनिटं.

कृष्णाबाई काठी टेकत माझ्या टेबलाशी आल्या, समोरची खुर्ची ओढून बसल्या आणि चार आठवडे धरून ठेवलेला श्वास सोडावा तसं म्हणाल्या,

"गाव कुठलं तुमचं?"

"म्हसवडजवळ. माण तालुका."

"म्हसवडात कोनाचे?"

"शिंगाड्यांचे."

"आईचं माहेर?"

"पळशी."

"पळशीत..." त्या थांबल्या. डोळे मिटले. बाहेरच्या अकरा जणी आता आत आल्या होत्या आणि सगळ्यांचे ओठ हलत होते. एकीने अलिबागकडून प्रयत्न केला, एकीने चुलत्याच्या मिलिटरीतल्या मित्राकडून. काही लागेना. पाचवा प्रश्न झाला, सहावा झाला. काशीरामभाऊंनी छत्री मिटली. असं कधी झालं नव्हतं.

"खरंच कोनाचेच कोनी नाय तुमी," कृष्णाबाई म्हणाल्या. आणि मग डोळे उघडून, "मग दिपिकाचे सासरे कोन?"

मी मर्सीबाईंकडे बघितलं. मर्सीबाईंनी माझ्याकडे बघितलं.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? तुमचा पोरगा चष्मा द्यायला आला तवा दिपिका फाटकात होती. गावातल्या कुठल्या बी पोराकडे ती सरळ बघते, दोन शब्द सुनावते. याच्याकडे बघितलंच नाय. जमिनीकडे बघत बसली. तवाच म्हनलं, हे लांबचं काम नाय."

"आणि तुम्ही गप्प राहिलात? तुम्ही?"

"मग काय करनार? इचारलं असतं तर तुमी खरं सांगितलं असतं. तुमी तसलेच. आनि खरं सांगितलं असतं की गेली माजी आठ वर्सं." त्यांनी डबा उघडला. "म्हनून नाय इचारलं. पोटात भूक असताना उपास धरावा तसं झालं. आता ही सुकेळी तरी घ्या."

त्यांना काय ठाऊक होतं ते मला आज एक वाजून नऊ मिनिटांनी कळलं. मला काय ठाऊक होतं ते त्यांना त्याच वेळी कळलं. चारही पेपरांत आम्ही दोघं मिळून कामाशिवाय जेमतेम पाच-सहा वाक्यं बोललो असू. ती सगळी वर दिली आहेत.

नात्याच्या रकान्यात काय लिहावं, हे मला ठरवता येत नाही. पेपर सुरू झाला तेव्हा नव्हतं. पेपर संपला तेव्हा नव्हतं. हे लिहितोय तेव्हा माझ्या शेजारी अकरा विहिणी बसल्या आहेत आणि मी जेवायला कधी उठतो याची वाट बघतायत. रकाना कोरा ठेवला आहे. सुकेळी घेतलेली नाहीत. निकाल आपण द्यावा.

आपला विश्वासू,
ज. शिं.

उत्तर

*परीक्षा विभाग. जा. क्र. वगैरे.*

महोदय,
आपला अहवाल, आठ पुरवण्या (एक कोरी) व ग्रंथपालांची टिपणवही मिळाली. परीक्षेच्या कालावधीत नाते अस्तित्वात नव्हते व माहिती आपणहून पूर्ण कळवण्यात आली, हे विचारात घेऊन श्रीमती भोईर यांच्या चारही उत्तरपत्रिका तपासणीसाठी ग्राह्य धरण्यात येत आहेत. पर्यवेक्षकांनी यापुढे अहवाल दोन ओळींत द्यावा.

*(खाली निळ्या पेनने, हाताने:)*

काका, ही फाईल आधी माझ्या टेबलावर आली होती. पुरवणी दोनपर्यंत वाचली आणि थांबले. उमेळ्याचे ते पोस्टमास्तर माझे चुलतसासरे आहेत. म्हणजे मी कृष्णाबाईंची कोण, हे त्या तुम्हाला एका दमात सांगतील. म्हणून फाईल शेजारच्या टेबलावर दिली. तिथे गोंदियाच्या बाई आहेत, त्यांचं इकडे कुणीच नाही. पुढच्या महिन्यात निकाल. तोवर सुकेळी खाऊ नका.
— संपदा